तळाशी टाकलेली मूठ

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. उंची हातभर, पोट गोल, कडी एकच, कारण दुसरी कधीच तुटली. माझ्याकडे पाहून कोणी थांबावे असे माझ्यात काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, एका वर्षी अख्ख्या वस्तीचे चवळीचे बियाणे माझ्या पोटात होते आणि ते आतल्या आत पोखरले जात होते. ते ऐकणारा मी एकटाच होतो. मला कान आहेत. तोंडही आहे म्हणा, पण ते उघडणे माझ्या हाती नाही.

मला एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने बनवले. त्याचे दुकान इतके अरुंद होते की पिंपाचे काम आले की तो पिंप आत ठेवायचा आणि स्वतः रस्त्यावर बसायचा. त्याने माझा पत्रा कापला, कडा दुमडल्या, लाकडी हातोडीने ठोकून सांधे बसवले. झाकणावर मात्र त्याने पुरे दोन दिवस घालवले. बसवायचा, काढायचा, कानशीने घासायचा, पुन्हा बसवायचा. शेवटी ते असे बसले की उघडायला चमच्याचा दांडा लागू लागला. "यात मुंगी शिरली तर डबा परत घेईन," असे तो गिऱ्हाईक बाईंना म्हणाला. ते वाक्य माझ्या डोक्यात गेले, आणि खरे सांगायचे तर पुढची तीस वर्षे ते तिथून उतरले नाही.

त्या बाईंची रोपवाटिका होती. घराच्या मागे वाफे, पुढे रोपांच्या पिशव्या आणि मधे एक खोली. त्या खोलीत लांब टेबल, तराजू, सुतळीचे गुंडे आणि भिंतीला लागून फळी. फळीवर मी, आणि माझ्या शेजारी चार काचेच्या बरण्या. बरण्यांचे मला कधी पटले नाही. आतले सगळे बाहेर दाखवत बसायचे, आणि वर चकाकायचे.

माझ्यात ठिपकेदार चवळीचे बियाणे असे. बाईंनी ते वर्षानुवर्षे निवडून तयार केले होते. करड्या दाण्यावर पांढुरके आणि काळे ठिपके, कोणी शाई झटकावी तसे. दर हंगामाला त्या मला फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "हा डबा आहे म्हणून माझं बी आहे." एवढे ऐकले की मला महिनाभर पुरायचे.

बाईंचा एक नियम होता. डब्याचा तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही. पेरणीला बी काढले तरी एक मूठ आत ठेवायची आणि नवे बी तिच्यावर ओतायचे. का, असे कोणी विचारले तर म्हणायच्या, "रिकाम्या डब्यात ओतलं की बियाण्याला एकटं वाटतं." घरातले हसायचे, पण नियम कोणी मोडला नाही. पुढे बाई गेल्या. रोपवाटिका त्यांच्या दोन सुनांच्या हाती आली. मुलगे रोपांच्या गाड्या घेऊन दिवसभर बाहेर असत, बियाण्याच्या खोलीत राज्य या दोघी जावांचे.

थोरली पंचावन्नची. बियाणे वाळवावे तर तिनेच. दाणा दाताखाली धरायची आणि तो टच्‌कन तुटला तरच मान हलवायची. नुसता दबला तर पुन्हा उन्हात. तिच्या हातचे बी कधी बुरसले नाही. धाकटी तिच्याहून वीस वर्षांनी लहान. लग्नाआधी ती शिवणकामाच्या दुकानात सदऱ्यांना काजे करायची. बारीक बघायची तिला सवय होती, आणि बोलायचे झाले तर आधी दोनदा गिळून मग बोलायची.

त्या वर्षी चवळीवर मर रोग आला. सलग दुसरे वर्ष. वस्तीतल्या चौदा घरांच्या वेली आज हिरव्या, उद्या माना टाकलेल्या, परवा काड्या. रोपवाटिकेच्या कोपऱ्यातली ठिपकेदार चवळी तेवढी उभी राहिली. तिलाही मधे खाडे पडले होते. ते भरायला थोरलीने माझ्यातले होते नव्हते ते सगळे बी काढून टोकले, तळाची मूठसुद्धा. दोन महिने मी रिकामा होतो. मित्रांनो, मला फार ओशाळल्यासारखे झाले. बरण्यांसमोर तर जास्तच.

हंगाम सरला तेव्हा अर्धा किलो बी हाती आले. चार हजार दाणे असतील. चौदाही घरांनी सांगून ठेवले, आम्हाला द्या, थोडे द्या पण द्या. मरला पुरून उरलेले बी वस्तीत तेवढेच होते. बी माझ्यात भरले त्या दिवसापासून पेरणीला एकोणपन्नास दिवस होते. हे बी गेले असते तर पुढच्या वर्षी चौदा घरांच्या मांडवांवर वेल चढला नसता, आणि बाईंची जात जगातून गेली असती.

थोरलीने ते आठ दिवस वाळवले. दाणा टच्‌कन तुटला. तिने माझे झाकण काढले, आत पाहिले, आणि थबकली. तळ मोकळा होता. सासूबाईंचा नियम तिच्याच हातून मोडलेला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या पिशवीतली, बाजारातून आणलेली पांढरी चवळी मूठभर घेऊन आली. ती माझ्या तळाशी पसरली, वरून बियाणे ओतले, झाकण दाबून बसवले आणि समाधानाने हात झटकले.

त्या मुठीत काही दाणे असे होते की ज्यांच्या सालीखाली एक गोल काळसर खिडकी दिसत होती, टाचणीच्या डोक्याएवढी. थोरलीने त्या पाहिल्या नाहीत. मी त्या अंगाने जाणल्या, पण त्या काय आहेत हे मलाही कळले नाही.

चौथ्या दिवशी मला पहिला आवाज आला. टक्. आतून कोणी झाकण ढकलावे तसा, पण फार लहान. खिडकीची गोल टिकली उडाली आणि दाण्यातून एक भुंगेरा बाहेर आला. तिळापेक्षा जरासा मोठा, तपकिरी, पाठीवर गडद डाग. मग पुन्हा टक्. संध्याकाळपर्यंत अकरा झाले.

मुंगी शिरू न देणारा डबा मी. आणि इथे शत्रू दारातून आलाच नव्हता. त्याला मुठीत धरून, प्रेमाने आत आणून ठेवले होते. माझे घट्ट झाकण आता त्याच्याच कामाचे होते.

भुंगेऱ्यांचे वागणे मी तिथे पहिल्यांदा जवळून पाहिले. मोठा झालेला भुंगेरा दाण्याला तोंडही लावत नाही. दहा-बारा दिवसांचे त्याचे आयुष्य, त्याला खाण्यात रस नसतो. अकरांत सहा माद्या होत्या. मादी दाण्यावर फिरते, गुळगुळीत जागा चाचपते आणि तिथे एक अंडे डिंकाने चिकटवावे तसे चिकटवते. मग दुसरा दाणा. एकेक मादी ऐंशी-नव्वद अंडी घालते. पाच-सहा दिवसांत माझ्या पोटातल्या जवळजवळ पाचशे दाण्यांवर एकेक बारीक ठिपका आला.

कुठल्याही दुसऱ्या बियाण्यावर तो दिसला असता. पण हे बियाणे मुळातच ठिपक्यांचे. पाच ठिपक्यांत सहावा कोण मोजणार?

थोरली रोज मला उघडायची. झाकण काढून बियाण्यात हात घालायची, वरवर फिरवायची, ओंजळ भरून सोडायची. तिचा जीव होता त्यात. पण त्या रोजच्या उघडण्याने आत ताजी हवा यायची. मला काठोकाठ भरून महिनाभर बंद ठेवले असते तर कदाचित ते किडे आत गुदमरले असते. सहाव्या दिवशी तिच्या बोटावर एक भुंगेरा चढला. तिने तो टिचकीने उडवला आणि म्हणाली, "हा कुठून आला मेला." आणि झाकण लावले. मी आतून किती ओरडलो असेन, पण पत्र्याचे ओरडणे उन्हात तापल्यावर होते तेवढेच.

दहाव्या दिवशी अंडी फुटू लागली. अळी अंड्यातून बाहेर येतच नाही. ती अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात भोक पाडते आणि आत शिरते. कोरलेला भुसा मागे लोटते, तो रिकाम्या टरफलात भरतो आणि ठिपका दुधासारखा पांढरा होतो. बाहेरून एवढेच दिसते. आत मात्र ती दिवसरात्र खात असते. एका अळीचे खाणे कोणाला ऐकू येणार नाही. पाचशे अळ्यांचे मला येत होते. बारीक, सारखी करकर. पोट कोमट लागू लागले. मी दिवस मोजत होतो. तीन आठवडे खाणे आणि कोष, मग टक्. आणि त्या पाचशेंपैकी अर्ध्या माद्या धरल्या तरी वीस हजार अंडी. दाणे उरले होते साडेतीन हजार. पहिल्या पिढीने आठवा हिस्सा नेला होता. दुसरी काहीच ठेवणार नव्हती, आणि ती पेरणीच्या आधी येणार होती.

अठराव्या दिवशी धाकटीने चौदा घरांसाठी कागदाच्या पुड्या करायला घेतल्या. दाणे मोजायला तिने एक ओंजळ पांढऱ्या ताटलीत ओतली. मोजता मोजता थांबली. एक दाणा अंगठ्याखाली फिरवला. पुन्हा फिरवला. मग नखाने खरवडला. ठिपक्याचा पापुद्रा निघाला आणि खाली सुईच्या टोकाएवढे भोक दिसले.

तिने दोनदा गिळले. "जाऊबाई, हा ठिपका हाताला लागतोय."

थोरली तराजू पुसत होती. "म्हणजे?"

"बाकीचे ठिपके सालीतच आहेत. हा वरून चिकटवल्यासारखा आहे. काढला तर खाली भोक आहे."

थोरलीने दाणा घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ठिपक्यांचीच जात आहे ही. मी तीस वर्षं बघतेय."

"पण भोक..."

"नखाने टोकरलंस तर भोक पडणारच. अगं, काजं करण्यातलं काय ते तुला कळतं, बियाण्यातलं मला कळू दे."

थोरलीने ताटलीतले दाणे उचलून माझ्यात ओतले आणि झाकण लावले. मित्रांनो, त्या क्षणी मला थोरलीचा फार राग आला. आणि लगेच कीवही आली, कारण झाकण लावण्याआधी तिने एक दाणा पुन्हा उलटून पाहिला होता. तिने भोक पाहिले होते.

धाकटीने मात्र एक दाणा मुठीत ठेवला होता. संध्याकाळी गोदामवाले मामा चहाला आले. हे थोरलीच्या माहेरकडचे, धान्याच्या गोदामात चाळीस वर्षे काढलेले. कान तिखट, दात दोन. धाकटीने तो दाणा त्यांच्यासमोर ठेवला आणि ब्लेडने मधोमध कापला. आत एक पांढरी, जाड, वाकडी अळी होती. कापलेल्या दाण्याचे पोट निम्मे रिकामे होते.

मामांनी मला उचलले, हलवले नाही, नुसता कान लावला. मला इतक्या जवळून आजवर कोणी ऐकले नव्हते.

"आहेत," ते म्हणाले. "बरेच आहेत. बी भरून किती दिवस झाले?"

"अठरा," थोरली म्हणाली.

"मग दहा-बारा दिवस आहेत हातात. आत आहेत तोवर एकेक दाणा खातायत. बाहेर पडले की बाकीच्यांवर बसतील. " त्यांनी झाकण उघडून तळातून मूठभर दाणे वर काढले. "आणि ही तळाला पांढरी चवळी कुठली?"

थोरलीने सांगितले. मामांनी कपाळाला हात लावला नाही, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "खायचं धान्य बियाण्यात मिसळायचं नसतं, पोरी. बाजारातल्या पोत्यात काय काय असतं ते मी बघितलंय."

मग काय करायचे यावर बोलणे झाले. धाकटीने विचारले, "गोदामात तुम्ही गोळ्या ठेवायचात ना?"

"ते नाव या घरात काढायचं नाही," मामा म्हणाले. ते पहिल्यांदाच कडक बोलले. "तो विषारी वायू असतो. माणसं मेलीत त्याने झोपेत."

"तेल चोळू?" थोरली म्हणाली.

"तेल आधी चोळायचं असतं. किलोला चमचाभर. अंडी गुदमरतात त्याने. आत शिरलेल्या अळीला तुझं तेल काय करणार? ऊन असतं तर काम झालं असतं. काळ्या कापडावर पातळ पसरायचं, वरून प्लास्टिक, दोन-तीन दुपारी. आत भाजून निघतात."

तिघांनी खिडकीबाहेर पाहिले. आभाळ सहा दिवस भरून होते. ना पाऊस, ना ऊन.

"नाहीतर गारठा," मामा म्हणाले. "चांगला कडक. आठवडाभर. बर्फाच्या पेटीत असतो तसला."

कोपऱ्यावर आइस्क्रीमवाल्याचे दुकान होते. धाकटीचे डोळे चमकले. थोरलीचा चेहरा पडला.

"बी गोठवायचं? जिवंत बी? मरेल ते. मामा, हे गेलं तर पुन्हा नाही मिळणार कुठे."

"ओलं असतं तर मेलं असतं. तू वाळवलंयस ना?"

"टच्‌कन तुटतंय. पण म्हणून मी ते बर्फात घालू?"

खरे तर दोघींची भीती एकच होती, बी मरण्याची. एकीला अळीची भीती, दुसरीला थंडीची. शेवटी थोरली म्हणाली, "निम्मं ने. निम्मं इथे राहील. ऊन पडलं की मी उन्हात घालीन. तुझं मेलं तर माझं राहील."

धाकटीला बोलायचे होते. तिने तीनदा गिळले आणि मान डोलावली.

विसाव्या दिवशी अर्धे बी दोन पिशव्यांत, एकीत एक, हवा दाबून काढून, गाठी मारून गेले. आइस्क्रीमवाल्याने म्हणे विचारले, "माझ्या मालात किडे पडले तर?" धाकटी घरी येऊन सांगत होती, "मी म्हटलं, तुमच्या त्या थंडीत ते उठून चालायला लागले तर तुमच्या दुकानात आयुष्यभर फुकट झाडू मारीन." थोरली हसली नाही. उरलेले अर्धे माझ्यात, त्या पांढऱ्या मुठीवर, तसेच होते; सासूबाईंचा नियम दुसऱ्यांदा मोडायला थोरली धजली नाही.

मग वाट पाहणे सुरू झाले. थोरली दर सकाळी दारात उभी राहून आभाळ बघायची. एक दिवस तासभर ऊन आले. तिने धावत काळे कापड पसरले, बी ओतले, प्लास्टिक घातले, आणि तेवढ्यात ढग परत आले. बी कोमटसुद्धा झाले नाही. तिने ते गोळा केले, परत माझ्यात ओतले, आणि पुढे मला उघडणेच बंद केले. माझ्यासमोरून जाताना ती मान खाली घालून जायची. मी समजलो. जे बघायचे नाही ते बंद ठेवायचे, असे माणसांचे होते कधी कधी.

माझ्या पोटात करकर थांबली. तुम्हाला वाटेल, सुटलो. माझी मात्र पाचावर धारण बसली. अळ्या खाऊन थांबल्या होत्या. प्रत्येकीने बाहेर पडायचा रस्ता सालीपर्यंत कोरून ठेवला होता, वर फक्त एक पातळ पापुद्रा राखला होता, आणि त्याच्या आड कोषात पडून त्या भुंगेरे होत होत्या. अडीचशे खिडक्या तयार होत्या.

सत्ताविसाव्या दिवशी पिशवी घरी आली. धाकटी लगेच गाठ सोडणार तोच थोरली म्हणाली, "थांब. गार बियाण्याला बाहेरची हवा लागली की घाम फुटेल. ओलं होईल. बंदच राहू दे उद्यापर्यंत." नऊ दिवसांत ती बियाण्याबद्दल पहिल्यांदा आपल्या जुन्या आवाजात बोलली. धाकटीने मुकाट्याने हात मागे घेतला.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी पिशवीतले वीस दाणे न निवडता, डोळे मिटून काढले. ओल्या फडक्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवले, माझ्या अगदी शेजारी. चार दिवसांत कळणार होते की बी जिवंत आहे की नाही.

एकोणतिसाव्या दिवशी, माझ्यात, टक्.

एका बाजूला ते फडके, दुसऱ्या बाजूला माझे पोट. फडक्यात काही हलत नव्हते. माझ्यात तिसाव्या दिवशी चाळीस बाहेर आले, एकतिसाव्या दिवशी सत्तर. माद्या चांगल्या दाण्यांवर फिरू लागल्या, अंडी चिकटवू लागल्या. मला हिशेब पाठ झाला होता. अंडे घातल्यापासून पाच दिवस. पाचव्या दिवसानंतर अळी आत, मग तो दाणा पोखरायला सुरुवात. चौतिसाव्या दिवशी पहिल्या अळ्या दाण्यात शिरणार होत्या.

तिसाव्या दिवशी थोरलीने फडके उघडले. काहीच नाही. एकतिसाव्या दिवशी पाच दाण्यांना कोंब. "पाच," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "विसांत पाच. मी म्हटलं नव्हतं?"

धाकटी म्हणाली, "अजून एक दिवस आहे."

"आणि एका दिवसाने काय होणार?"

"मला नाही माहीत, जाऊबाई. पण तुम्ही वाळवलेलं बी आहे. मी तुमच्या वाळवण्यावर विश्वास ठेवून ते नेलं होतं, बर्फावर नाही."

थोरलीने फडक्यावर पाण्याचा हात फिरवला आणि ते पुन्हा गुंडाळले.

बत्तिसाव्या दिवशी दुपारी दोघी फळीपाशी आल्या. धाकटीने फडके टेबलावर ठेवले, पण ते थोरलीने उघडले. एकेक दाणा बाजूला करत ती मोजत गेली. अकरा, बारा. मधे थांबली. तेरा, चौदा. मी माझ्या पोटातले सगळे विसरून ऐकत होतो. "सोळा," ती म्हणाली. मग एक दाणा उलटा केला, त्याच्या पोटाखालून पांढरा कोंब वळून आला होता. "सतरा." उरलेले तीन तिने दाबून पाहिले. तिन्ही पोकळ होते, अळीने खाल्लेले. थंडीने एकही मेला नव्हता.

थोरली माझ्याकडे वळली. चमच्याचा दांडा घातला आणि झाकण उघडले. उजेड पडताच भुंगेऱ्यांची पळापळ झाली, काही तिच्या मनगटावर चढले. तिने एक दाणा उचलला. त्यावर दोन नवी अंडी होती, अजून काचेसारखी आरपार. ती पांढरी झाली नव्हती.

"ही आत गेली नाहीत अजून," धाकटी म्हणाली. "वेळ आहे."

"मग बघत काय बसलीस? चाळण आण."

भुंगेरे चाळून साबणाच्या पाण्यात टाकले. भोके पडलेले दाणे आणि ती पांढरी मूठ, शेवटच्या दाण्यापर्यंत, चुलीत गेली. थोरलीने मला उलटा केला, तळावर थाप मारली, तोंडात दिवा धरून आत पाहिले. काही उरले नव्हते. "सासूबाई, माफ करा," ती हळूच म्हणाली. मला तरी वाटले, बाई असत्या तर रागावल्या नसत्या. बाकीचे बी पिशवीत बांधून धाकटी कोपऱ्यावर पळत गेली, पायात चप्पलसुद्धा न घालता.

चाळिसाव्या दिवशी ते परत आले. दोन्ही अर्धे मिळून साडेतीन हजाराच्या आत-बाहेर दाणे भरले. मामांच्या सांगण्यावरून त्यांना थेंब थेंब तेलाचा हात लावला, आणि मग ते माझ्यात नव्हे, शेजारच्या काचेच्या बरणीत गेले. माझ्या तळाच्या दुमडीत भुसा अडकतो, तिथे किडा लपू शकतो, असे मामा म्हणाले. खरे होते ते. कारागिराने ज्या दुमडीचा अभिमान बाळगला तिथेच माझा दोष होता. बरणीत आत काय चालले आहे ते लांबून दिसते. मला ते मान्य करायला दोन दिवस लागले.

एकोणपन्नासाव्या दिवशी चौदा घरांची माणसे खोलीत जमली. सवयीने सगळ्यांनी हात थोरलीपुढे केले. तिने पुड्यांचे ताट उचलले आणि धाकटीच्या हातात दिले.

"हिच्याकडून घ्या," ती म्हणाली. "हिने वाचवलंय. आणि घरी नेल्यावर कसं ठेवायचं तेही हिलाच विचारा, मला नको."

धाकटीला दोनदा गिळूनही बोलता येईना. एका म्हाताऱ्या माळ्याने विचारले, "किती दिवसांनी बघायचं, बाई?" तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला. "दर आठ दिवसांनी. ताटलीत ओतून. उजेडात," ती म्हणाली. हेच तिने चौदाही घरांना सांगितले. थोरली मागे उभी राहून ऐकत होती आणि चौदाही वेळा मान हलवत होती.

आता माझ्यात सुतळी असते. फळीवरून मला अंगणात आणले. तळाला गंज चढला आहे आणि पुसायला कोणी येत नाही. मला वाईट वाटत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण मांडवावर चढणाऱ्या चवळीला बांधायला थोरली रोज माझ्यातून सुतळी ओढते.

मित्रांनो, तुमच्या घरीही धान्याचे डबे असतील. झाकण घट्ट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. खायचे आणि पेरायचे एकत्र करू नका. डबा भरण्याआधी शेवटच्या दाण्यापर्यंत रिकामा करा, धुवा, उन्हात तापवा. घरातले कोणी दोनदा गिळून म्हणाले की मला इथे काहीतरी वेगळे दिसते आहे, तर त्याला काय कळते असे म्हणू नका. दाणा हातात घ्या, दारात उजेडाला जा, आणि त्याच दिवशी बघा. आम्हा डब्यांना सगळे ऐकू येते, पण सांगता येत नाही. सांगू शकणारे माणूस घरात असूनही थोरलीने पुरते ऐकले नाही, त्या बारा दिवसांत माझ्यात जे दाणे पोकळ झाले ते मी अजून मोजतो.